प्राजूस, दसऱ्याच्या फोटोबद्दल

प्राजू बाळा,

परवा फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला ते मला कळलं नाही, आई म्हणते तू ठेवलास. ठेवला असशील तर बरोबर केलंस, मी आवाज चढवला होता आणि तेही सणाच्या दिवशी. फोनवर मला नीट बोलता येत नाही, मागे आई काहीतरी सांगत असते, तिकडे ओमचा टीव्ही चालू असतो, म्हणून लिहितोय. सावकाश वाच, ऑफिसमध्ये नको वाचू.

आधी फोटोबद्दल जे सांगायचं राहिलं ते सांगतो. फोटो आला तेव्हा मी गॅलरीत बसलो होतो आणि मला इतकं बरं वाटलं की लगेच सगळ्यांना पाठवला, चाळीच्या ग्रुपवर, मंदाआत्याला, अगदी जुन्या टूलरूमच्या लोकांनापण. पाटावर आईचं लाल कापड, तुझ्या संग्रहातली चारही जुनी पिस्तुलं ओळीने, झेंडू, आणि सगळ्यात पुढे माझी अर्धगोल कानस. ती तू अजून जपून ठेवलीयस हे मला माहीतच नव्हतं. कुंकू लोखंडाला न लावता बाजूला कागदावर ठेवलंस तेपण बघितलं. ओलं कुंकू लोखंडावर राहिलं की गंज धरतो, खंडेनवमीला मी दर वर्षी पोरांना सांगायचो आणि कोणी ऐकायचं नाही, तू मात्र लक्षात ठेवलंस.

मग रात्री चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला तर डाव्या कोपऱ्यात ओमची बोटं. झेंडू उचलायला आलेली असतील, तू म्हणालीस तसंच असेल. पण झेंडू आणि ते कोल्ट पिस्तूल यांच्यात चार बोटांचं अंतर नव्हतं गं.

तू म्हणालीस, बाबा, रिकामी होती सगळी. मला माहितीये तू काळजी घेतेस. तू वेंधळी कधीच नव्हतीस, कॉलेजात एनसीसीमध्ये असताना वरळीच्या रेंजवरून यायचीस तेव्हा बूट दाराबाहेर, बेल्ट खुंटीला, आणि ते भोकं पडलेलं टार्गेट मला दाखवायला घडी न घालता हातात धरून आणायचीस. एकदा पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. ते टार्गेट अजून माझ्या पेटीत आहे, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

तुझा हा नाद मला कळत नाही असं तू म्हणालीस ते मात्र खरं नाही. तुझ्या आईला कळत नसेल, समीरला कळत नसेल, मला कळतो. मी 34 वर्षं फिटर होतो. हातोडीचा दांडा, कानशीची मूठ, स्क्रू ड्रायव्हर, प्रत्येकाचं आपलं आपलं असायचं आणि दुसऱ्याचं घेतलं की तासाभरात तळहात सांगायचा की हे तुझं नाही. तू त्या व्हिडिओत कोल्ट हातात घेऊन म्हणालीस ना की बाबा, हे धरलं की धरल्यासारखं वाटतच नाही, बोट दाखवावं तसं होतं, तेव्हा मला अगदी पटलं. तुझे हात आजीचे, लहान आणि रुंद. त्या 1903 मॉडेलच्या कोल्टची मूठ चपटी, घोडा म्हणजे मागचा हॅमर आत लपवलेला, खिशात कुठे अडकत नाही, अंगठ्याच्या बेचक्यात काही चावत नाही. ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराने आखलं आणि 1945 पर्यंत बनत राहिलं, उगाच नाही.

तू स्लाइड थोडी मागे ओढून त्यावरची खूण फ्रेमच्या टोकाशी जुळवलीस आणि बॅरल हाताने फिरवून सोडवलीस. एकही स्क्रू नाही, एकही अवजार लागलं नाही. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल. शंभर वर्षांपूर्वीच्या मशीनवर केलेलं काम आणि अजून खूण खुणेशी बसते, हे ज्याने कधी हाताने फिट बसवलंय त्यालाच कळतं की त्यात काय आहे.

आणि त्या व्हिडिओत दुसरीपण एक गोष्ट होती, तेव्हा मी बोललो नाही. सुरुवातीला तू किल्ली काढलीस. फ्रीजवरच्या निळ्या डब्यातून. ओम ओट्यावर बसला होता, पाय हलवत होता, आणि त्याचे डोळे तुझ्या हाताबरोबर वर गेले आणि खाली आले. तू कॅमेऱ्याकडे बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही, मला दिसलं.

तुला आठवतं का, माझी पेटी कुलपात असायची आणि किल्ली कालनिर्णयच्या मागच्या खिळ्याला. मला वाटायचं घरात कोणालाच माहीत नाही. तू साडेचार वर्षांची, स्टूल ओढलंस, स्टुलावर पाट ठेवलास, किल्ली काढलीस, पेटी उघडलीस, तिकोनी स्क्रेपर काढलास आणि पुन्हा कुलूप लावून किल्ली जागेवर लटकवलीस. आम्हाला कळलं ते रक्त जिन्यापर्यंत गेल्यावर. तळहाताचे चार टाके तुझे तू बघतेसच की. कुलूप होतं, पेटी बंद होती, सगळं बरोबर होतं. तुझी आई मला आठ दिवस काही बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

मी ठरवलं होतं की हे लिहायचं नाही. चार ओळी कौतुकाच्या, चार ओळी माफीच्या आणि बंद, असं आईला सांगून बसलो होतो.

बरं, तुझ्या पिस्तुलांबद्दल मी वाचत असतो, नातवाच्या वयाच्या पोराकडून शिकून घेतलंय फोनवर कसं शोधायचं ते. एक गोष्ट वाचून मला फार आवडली, तुला माहीत असेलच. अमेरिकन फौजेचं ते मोठं 1911 मॉडेलचं पिस्तूल, पहिल्या महायुद्धात पोरांना मोठं पडायला लागलं, बोट चापापर्यंत नीट पोचेना, तर त्यांनी चाप आखूड केला, चापाच्या मागे फ्रेम दोन्ही बाजूंनी थोडी खरवडली, मुठीच्या मागच्या बाजूला खाली फुगवटा दिला, आणि वर घोडा बेचक्यात चावायचा तिथली शेपटी लांब केली. तेच पुढे 1911ए1. मशीन तेच, फक्त हाताला लागतं तेवढंच बदललं. आमच्या शॉपमध्ये साहेब लोक उलटं सांगायचे, सवय होईल म्हणून.

मी स्वतः एकदाच धरलंय, ते तुला कधी सांगितलं नाही. संपाच्या आधीची गोष्ट, मिलच्या मशीन शॉपमध्ये असताना एका साहेबांचं बत्तीस बोअरचं वेब्ले पिस्तूल, जुनं, लायसन्सचं, त्याची स्प्रिंग बघायला आणलं होतं. फोरमनने बघितलं आणि सरळ सांगितलं, हे आपलं काम नाही, आपल्याकडे त्याचं लायसन्स नाही, परत घेऊन जा. पण परत द्यायला माझ्या हातात दिलं तेवढं अर्धं मिनिट. मूठ जवळजवळ काटकोनात, पाट्याच्या कडेसारखी. मनगट वाकवावं लागत होतं. लंडनच्या पोलिसांनी 1911 साली तेच बत्तीसचं वेब्ले घेतलं होतं म्हणे. आणि तू सांगितलंस की जर्मन लुगर पिस्तुलाची मूठ इतकी कलती की डोळे मिटून हात वर केला तरी नळी बरोबर समोर येते, ते ऐकून मला ते वेब्लेच आठवलं. तेव्हा माझं बोट पूर्ण होतं.

बोटाचं तुला अर्धवट माहितीये. तू दोन वर्षांची होतीस, मी कुर्ल्याच्या त्या शॉपमध्ये लागून सहा महिने झाले होते. पॉवर प्रेस होता. जॉब अडकला म्हणून स्विच बंद केला, स्वतः बंद केला, दुसऱ्या कोणी नाही, आणि बंद आहे म्हणून हात घातला. मोटर बंद होती पण फ्लायव्हील, ते जड चाक, फिरत होतं गं. अजून फिरत होतं. जाळी कोणीतरी आधीच काढून ठेवली होती, पण तो भाग वेगळा. मला अजून आठवतं मी शेजारच्याला ओरडून सांगितलं होतं की बंद आहे. म्हणून तू परवा रिकामी होती म्हणालीस तेव्हा माझा आवाज चढला. तुझ्यावर नाही चढला.

तुझं कोल्ट 1920 ला बनलेलं म्हणालीस. मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं की गोळी सुटूच नये अशी सोय त्या कोल्टमध्ये 1926 च्या सुमारास आली, तुझ्यात नसणार. म्हणजे मॅगझिन बाहेर असलं आणि नळीच्या चेंबरमध्ये एक गोळी राहिली तर ती राहिलीच. तुझ्या बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या 1910 मॉडेलमध्ये ती सोय आहे, त्यामुळे एकाची सवय दुसऱ्याला लागते, माणूस असंच चुकतो. मुठीच्या मागे तळव्याने दाबायची ती सेफ्टी आहे हे मला माहितीये, फार हुशारीचं काम आहे, नीट धरल्याशिवाय चालतच नाही. पण लहान पोर नीट धरत नाही ना, ते उलटं धरतं, दोन्ही हातांनी, अंगठ्यांनी दाबतं. आणि जे तुझ्या लहान हातात इतकं छान बसतं ते... जाऊ दे. लेक्चर झालं. माफ कर. तू वर्षानुवर्षं हाताळतेयस आणि मी एकदा अर्धं मिनिट.

इथे असतीस तर हा नाद जमलाच नसता. आपल्याकडे पोलीस कमिशनर ऑफिसच्या फेऱ्या, 2019 पासून तीनऐवजी दोनच ठेवता येतात, नऊ एमएम तर साध्या माणसाला नाहीच, इलेक्शन आलं की जमा करायला सांगतात. तुझ्याकडे अमेरिकेत तीस डॉलरमध्ये तीन वर्षांचं संग्राहकाचं लायसन्स, पन्नास वर्षांपेक्षा जुनं हत्यार असलं की झालं. मी शेजारच्या काकांना हे सांगतो तेव्हा त्यांना खोटं वाटतं. मी मात्र सांगताना छाती काढून सांगतो, की पानासुद्धा न लावता खोलते, प्रत्येकाचं साल पाठ, स्वतः तेल करते. अभिमान आहे मला, तो तुला कळला नसेल तर चूक माझी.

तू ब्राउनिंगचं हायपॉवर पिस्तूल घ्यायचं म्हणतेयस ते घे. तेरा गोळ्या मावून मूठ इतकी आटोपशीर कशी ठेवली हे मलापण हातात घेऊन बघायचंय. ब्राउनिंग त्याचं काम अर्धं टाकून 1926 ला बेल्जियममध्ये लिएजच्या एफएन कारखान्यातच वारला आणि दुसऱ्याने, सेव्ह नावाच्या माणसाने, ते पुरं केलं. आपल्या फौजेकडे तेच असतं, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत केलेलं. घोडा बेचक्यात चावतो म्हणतात, तुझा हात लहान आहे, आधी धरून बघ मगच पैसे दे.

पण त्याच्या आधी तिजोरी घे, बाळा. आकड्यांची, किल्लीची नको. भिंतीला बोल्टने घट्ट केलेली. गोळ्या वेगळ्या, दुसऱ्या खोलीत. पैसे मी देतो, माझी एफडी नोव्हेंबरमध्ये सुटतेय, आईला विचारलंय, ती हो म्हणाली. समीरला वाईट वाटेल असं वाटत असेल तर त्याला सांग ओमच्या वाढदिवसाचं आहे.

मे महिन्यात आम्ही आलो की तुझ्या कोल्टला शिसवीची मूठ मी कोरून देतो, तिकडचं अक्रोडाचं लाकूड मिळालं तर तेही चालेल. कानस तुझ्याकडे आहेच. त्यासाठी एक कर, कोऱ्या कागदावर उजवा हात ठेवून पेन्सिलीने कडा काढ आणि पाठव, बोटं मिटून एक आणि सैल सोडून एक. ओमच्या हाताचाही काढ. त्याला भोवरा करायचाय, त्याच्या मुठीच्या मापाचा.

आईचा गुडघा बरा आहे, जिना एकदाच उतरते. नानांकडे जाऊन आलो, ते ओळखतात अजून.

नवे आकडे मला फोनवर सांगू नकोस. आपला फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तो तिथेच ओट्यावर बसलेला असतो.

तुझा,
बाबा