बंड्या, डोळ्यांचं काय झालं ते सांगतो

प्रिय बंड्या,

तुझे चार मिस्ड कॉल बघितले, उचलले नाहीत, रागावू नको. मी बोलतोय आणि पोरगी टाइप करतेय.

गेल्या पावसाळ्यात सुरू झालं. तिन्हीसांजेला बागेतून येताना चिऱ्याच्या पायऱ्या दिसेनात, रोजच्या पायऱ्या रे, दोनदा आपटलो. त्यात डोळ्यांसमोर सारखी चमचम, दुपारी खाडीच्या पाण्यावर ऊन नाचतं ना तशी, आणि डोळे मिटले तरी थांबत नाही. पहिल्या डॉक्टरने पडद्याचा फोटो काढला, म्हणाला सगळं नॉर्मल. दुसरा म्हणाला आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, पडद्याच्या पेशी हळूहळू मरतात तो आजार, आनुवंशिक आहे, मग आई पणजोबांपर्यंत उकरत बसली, पण आमच्यात कुणालाच नव्हतं आणि आरपी काय अशी चार महिन्यांत चढत नाही.

शेवटी मुंबईला ईआरजी केली, म्हणजे पडदा उजेडाला कसा जागा होतो ते बघायची तपासणी. 20 मिनिटं मिट्ट काळोखात बसवतात, मग डोळ्याला दोऱ्यासारखी बारीक तार लावून फ्लॅश मारतात आणि पडद्याचा करंट मोजतात, ईसीजीसारखंच. फोटोत ठणठणीत असलेल्या पडद्याची रेघ जवळजवळ सपाट! ऑटोइम्यून रेटिनोपॅथी म्हणाले.

आईने तोवर राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलेलं. म्हटलं, अगो आये, राखणदारच उलटलाय, पण आतला. रोगाशी लढायला शरीर बनवतं त्या अँटीबॉडीज पडद्यातल्या पेशींवरच उठल्यात. कधी कधी म्हणे कॅन्सरच्या गाठीत रिकव्हरिन नावाचं प्रोटीन तयार होतं, एरवी ते डोळ्याच्या पडद्यात असतं, शरीर गाठीवर तुटून पडतं आणि डोळा फुकट मार खातो. 1976 मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांत हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. गाठ कळायच्या आधीच नजर जाऊ शकते, म्हणून माझंही सगळं अंग स्कॅन केलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस... सोड. गाठ नाही निघाली. रक्तात अँटीबॉडी सापडली, पण ती धडधाकट माणसातही सापडते, नुसत्या तिच्यावर काही ठरत नाही.

आता स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेट चालू, दोन्ही प्रतिकारशक्ती दाबायला. तोंडाचा मोदक झालाय, शुगर वाढलीय. मेलेल्या पेशी परत येणार नाहीत, उरलेल्या टिकाव्यात एवढ्यासाठी हा खटाटोप. मधलं दिसतं, कडेचं गेलं. यंदा हापूसवरचा डाग बरोबर दिसायचा, पण बाजूला ठेवलेली पेटी पायात यायची.

गणपतीला येतोयस ना? दिवसाच्या गाडीने ये, रात्री मला स्टेशनवर यायला जमणार नाही. आणि विसर्जनाला खाडीवर उतरताना माझा हात धर, गुपचूप, कुणाला कळता कामा नये.

तुझाच,
नाना