युद्धपटांच्या यादीतून मोरीची रांग सुटली

महोदय,

रविवार पुरवणीतला दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटांचा लेख वाचला. रणगाडे आले, पाणबुड्या आल्या. डोक्यावर छप्पर शोधत हिंडणारी माणसं तेवढी राहिली. म्हणून 'द मोअर द मेरियर' (१९४३) या चित्रपटाची आठवण करून देते.

गोष्ट वॉशिंग्टनची. युद्धामुळे सरकारी कचेऱ्या फुगल्यात, शहरात माणूस मावत नाही. कॉनी (जीन आर्थर) देशसेवा म्हणून आपली अर्धी जागा भाड्यानं द्यायला काढते. तिला हवी असते बाई, चिकटतो म्हातारा डिंगल. वर हा पठ्ठ्या आपल्या अर्ध्यातली अर्धी जागा आफ्रिकेला निघालेल्या सार्जंट जोला (जोएल मॅक्रे) परस्पर देऊन मोकळा! पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मला खरा भावला तो सकाळचा गोंधळ. कॉनीनं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आखलेलं: सातला गजर, सात वाजून एक मिनिटानं ती मोरीत, तोवर डिंगलनं खालून दूध आणायचं. डिंगल सगळं चुकवतो आणि शेवटी त्याची पँटच सापडत नाही. १९७४ साली मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा दादरला वसतिगृहात आम्ही अकराजणी आणि मोऱ्या दोन. दाराला असाच कागद डकवलेला. माझी वेळ सहा दहा ते सहा वीस. डोळ्यांत साबण असतानाच बाहेरून कडी वाजायची. डिंगलची धांदल बघताना हसू आलं, आणि हात आपसूक डोळ्यांकडे गेला.

डिंगल रंगवणाऱ्या चार्ल्स कोबर्नला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच. पण पायऱ्यांवरचा प्रसंग मॅक्रे आणि आर्थरचा. ती आपल्या वाग्दत्त वराचं कौतुक सांगतेय, हा तिचं बोलणं सोडून तिच्याच जवळ सरकतोय, आणि तिची वाक्यं एकेक करून अर्धवट सुटतायत. नुसत्या पडत जाणाऱ्या आवाजात केवढं काम केलंय बाईनं!

दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यानंतर सैन्यात गेला. १९४५ मध्ये डाखाऊ छळछावणीचं चित्रण त्याच्याच तुकडीनं केलं. तेव्हा लेखकमहाशयांनी हा चित्रपट 'हलकाफुलका' म्हणून गाळला असेल, तर पुन्हा विचार करावा.

आणि १९६६ ची टोकियोत घडणारी रंगीत आवृत्ती पाहून समाधान मानू नये. तीत कॅरी ग्रँट आहे, पण आमचा डिंगल तो नव्हे.

– एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, डोंबिवली (पूर्व)