टॅपेटचा आवाज

फिनिक्स, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. नमस्कार.

आई, आधी तुझं. चाळीस वर्षांचं भंगार कशाला घेतलंस, हे तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. ही १९८५ची टोयोटा पिकअप. इथे अमेरिकेत त्या वर्षी पुढचा अखंड ॲक्सल शेवटचा आला आणि पेट्रोल इंजेक्शनचं २.४ लिटरचं इंजिन नवं आलं. दोन्ही एकाच गाडीत मिळतात म्हणून दगडधोंड्यांत गाड्या घालणारे हिच्यासाठी भांडतात. भंगारासाठी कोण भांडतं?

आणि हो, तू दिलेलं इडलीपात्र गॅरेजमध्ये गेलंय. पुढची चाकं ज्या सांध्यावर वळतात त्याला नकल म्हणतात; त्यात वरखाली पातळ शिम, म्हणजे फट जुळवणाऱ्या चकत्या, असतात, त्यांची अदलाबदल झाली की संपलं. एकेका खळग्यात एकेक ठेवली. आता त्यात इडल्या होणार नाहीत, रागावू नकोस.

बाबा, थंड इंजिन चालू केलं की दोन सेकंद खडखड यायची. तुम्ही फोनवर लगेच म्हणालात, टायमिंग चेन. तीच निघाली. (आई, वाल्व्ह वेळेवर उघडणारी ही साखळी.) चेनला आधार देणाऱ्या पट्ट्या प्लास्टिकच्या. त्या तुटल्या की चेन सैल होऊन ॲल्युमिनियमच्या कव्हरवर घासते. कव्हरच्या आत पाणी खेळतं, म्हणजे भोक पडलं की पाणी थेट ऑइलमध्ये. ऑइलपॅन उतरवला तेव्हा तळाच्या गाळात काळे तुकडे नखांसारखे पडले होते. कव्हरला चर पडली होती, पण आरपार नव्हती. पाठीला पोलाद असलेल्या पट्ट्या, नवी चेन आणि नवं कव्हर टाकलं.

नकलची बेअरिंग किती घट्ट बसली हे मोजायला मासे तोलायचा ताणकाटा लागतो. स्टिअरिंगच्या आर्मला अडकवायचा, ओढायचा आणि नकल हलायला लागताना काटा काय दाखवतो ते बघायचं. दुकानदारानं विचारलं, कुठला मासा धरतेस? म्हटलं, टोयोटा.

आता तुम्हाला न आवडणारं. कंपनीनं दिलंय त्याला हात लावू नये हे मान्य, तरी टायर साडेअठ्ठावीस इंचांचे होते ते मी ३३चे घातले. एवढ्या मोठ्या चाकाला जुना गिअर पुरत नाही, चढाला गाडी रडते. म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरांचं, प्रमाण ४.१०वरून ४.८८ केलं. मागचं बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, जमेपर्यंत चार वेळा उघडलं आणि चौथ्यांदा मी खरंच रडले. परवा मात्र भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर चढली, तुमची एसटी घाटात चढायची तशी, न कुरकुरता. वर स्पीडोमीटर आता खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो. आई, हे तुझ्या फायद्याचं.

एक राहिलंय. गरम इंजिनवर, तुमच्याच फिलर गेजच्या पट्ट्यांनी टॅपेट, म्हणजे वाल्व्हवरची फट, लावले: इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट तरी टकटक करतोय. वाजणारा परवडला, मुका झाला की वाल्व्ह जाळतो, हे तुमचंच; म्हणून अजून हात लावला नाही.

शनिवारी तुमच्या सकाळी आठला फोन करते आणि तो बॉनेटखाली धरते. कानाचं मशीन घालून बसा, उशाशी ठेवून नको.

तुमची,
ताई