शिसवी पलंगाबद्दल

दापोली

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार. आजोबांचा शिसवी पलंग जुन्या सामानवाल्याला द्यायचा नि त्या पैशांत फ्लॅटसाठी नवा घ्यायचा, हा बेत आधी रद्द कर. काकूंना तरी विचारलंस का?

शिसवाचं झाड वाढायला फार सावकाश. असा जाड गाभा धरायला त्याला कैक दशकं लागतात, आणि तेवढा वेळ आता त्याला कुणी देत नाही. जानेवारी 2017 पासून तर त्याच्या बहुतेक सगळ्या भाईबंदांच्या परदेशी व्यापारावर परवान्याचं बंधन आलंय. दुकानात ‘शिसम’ म्हणून दाखवतात ते बहुधा उत्तरेकडचं शिसू. लाकूड वाईट नाही, पण रंगाने सोनेरी-तपकिरी. आपला शिसव जांभळट-काळसर, आत गडद रेघा. वजनही बघ : घनमीटरला साधारण 830 किलो, तर साग 650 च्या आसपास. तो पलंग माडीवरून उतरवताना माणसं कमी का पडतात, ते कळलं ना?

फ्लॅटमध्ये मावत नाही म्हणतोस, तर मोडून दुसरं काही करू. डोक्याकडची फळी बैठ्या टेबलाला पुरेल, कातलेले पाय बाकाला. मात्र सुताराला दोन गोष्टी आधीच सांग. खिळा थेट ठोकायचा नाही, गिरमिटाने भोक पाडूनच स्क्रू घालायचा, नाहीतर फळी चिरते. आणि रंधा अगदी बारीक लावायचा. याचे धागे आलटूनपालटून उलटे जातात, त्यामुळे मध्येच टवका उडतो. त्यात आत चुन्याचे कण असतात, धार लवकर जाते. सुतार कुरकुरेल, कुरकुरू दे. घासताना नाकातोंडाला फडकं बांधायला लाव. ती भुकटी काहींच्या अंगाला खाजते.

कडेला फिकट पिवळसर पट्टा असेल तर तिथे भोकं तपास. कीड लागते ती त्या भागाला, गाभ्याला सहसा नाही.

पॉलिश लाखेचंच कर. तेलकट घटकांमुळे काही वार्निश या लाकडावर दिवसचे दिवस चिकट राहतात, आणि प्लास्टिकसारखी चकाकी मला तरी बघवत नाही.

फळीची लांबी, रुंदी, जाडी मोजून कळव. टेबलाचा आराखडा मी काढून पाठवतो. तोवर सामानवाल्याला दारात उभं करू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक