समुद्रात तेल सोडणाऱ्या जहाजाचे नाव कळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात गोव्याला जाणे हा आम्हा बेळगावकरांचा वर्षाचा नेम. यंदा वाळूत खेळून आलेल्या नातीचे दोन्ही तळपाय काळे, चिकट झाले होते. साबणाने निघेना, शेवटी खोबरेल तेल चोळून चोळून काढले. शेजारची मासेवाली म्हणाली, पावसाच्या तोंडावर डांबराचे हे गोळे दरवर्षी किनाऱ्यावर येतात.

येतात म्हणजे कुणीतरी सोडतो म्हणून येतात. खोल समुद्रात जहाजे टाक्या धुतात, त्या तवंगाचे लाटांत घुसळून डांबरगोळे होतात आणि वारा ते किनाऱ्याला लोटतो. ३० मे २००६ रोजी कारवारजवळ 'ओशन सेराया' हे जहाज खडकावर चढले, त्याचे तेल गोव्यापर्यंत गेले. त्या जहाजाचे नाव कळले, कारण ते सर्वांच्या डोळ्यांसमोर अडकून पडले होते. रात्री टाकी धुऊन पुढे निघून जाणाऱ्याचे काय?

तोही सापडू शकतो. तेल पसरले की पाण्यावरच्या बारीक लहरी दबतात, आणि रडार उपग्रहाच्या चित्रात तिथे काळा पट्टा उमटतो. रात्र असो की ढगांनी भरलेले आभाळ, रडारला फरक पडत नाही. साधा कॅमेरा मात्र जूनमध्ये आंधळाच. वारा पडलेला असला तर स्वच्छ पाणीही काळेच दिसते, म्हणून तटरक्षक दलाच्या विमानाने जाऊन खात्री करावी लागते. मोठी जहाजे आपली जागा यंत्रावरून सतत कळवत असतात. पट्ट्याशेजारून त्या वेळी कोण गेले हे जुळवले की संशयित हाती येतो.

२०२२ पासून आपला ईओएस-०४ हा रडार उपग्रह वर आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रे तर कुणालाही फुकट मिळतात. मग आपल्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाने एप्रिल ते जून वेंगुर्ले-कारवार पट्ट्याची चित्रे तपासण्याचे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून का देऊ नये? संशयास्पद काही दिसले की लगेच तटरक्षक दलाला कळवावे. आणि हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था मासळी कुठे मिळेल हे मच्छीमारांना मराठीतूनही कळवते, तसाच तवंगाचा इशाराही मराठी-कोकणीतून मिळावा. खात्री झालेल्या जहाजाचे नाव आपल्या वृत्तपत्रातही छापून यावे, ही विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव