आक्का, त्या रात्रीसाठी मनापासून थँक्यू

आक्का, तुम्ही समोर आलात की बोलायचं राहूनच जातं, म्हणून इथं सगळ्यांच्या देखत लिहितेय.

गेल्या महिन्यात रात्री साडेबाराला माझ्या अंगावर पित्त उठलं, आधी कमरेला नाडीच्या जागी चार गांधी, मग बघता बघता मांड्या, पाठ, दंड सगळं लालेलाल, आणि खाजवलं की दुप्पट. सासूबाईंनी मायेनं घोंगडं काढून अंगावर टाकलं, हे म्हणतायत दुपारचा तांबडा रस्सा बाधला, आणि मी कढत पाण्यानं अंघोळ करायला निघालेली. तेवढ्यात तुम्ही गाऊनवरच जिना चढून वर आलात.

आल्या आल्या विचारलंत, ओठ सुजलेत का, जीभ जड वाटतीय का, घसा आवळतोय का, दम लागतोय का, चक्कर, उलटी? सगळ्याला नाही म्हटल्यावर मगच खुर्चीवर टेकलात. यातलं एक जरी असतं तरी घरी उपाय करत बसायचं नाही, सरळ १०८ ला फोन लावायचा, हे तुम्ही ह्यांना दोनदा बजावलंत.

मग घोंगडं बाजूला, अंगात सैल सुती गाऊन, आणि माठातल्या पाण्यात भिजवलेला नॅपकिन गांधींवर, दहा-दहा मिनिटं. कातडीतल्या पेशींतून हिस्टामिन सुटतं, त्यानं बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून कातडी फुगते, आणि लोकर, चोळणं, गरम पाणी यानं ती आग अजून वाढते, असं तुम्ही इतकं सोप्पं करून सांगितलंत की सासूबाईंनी स्वतःच घोंगडं घडी घालून ठेवलं. त्यांच्या आमसुलाच्या पाण्यालाही तुम्ही नाही म्हटलं नाही, प्यायचं तर प्या पण अंगावर घासू नका एवढंच. आणि हो, ज्यांना गारव्यानंच पित्त उठतं त्यांनी गार पट्टी ठेवायची नाही, हेपण सांगितलंत, माझ्या बहिणीला तेच होतं म्हणून मी ते लगेच तिला कळवलं.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलं ते तुमचं बॉलपेन. माझ्या हातावरच्या एका गांधीभोवती गोल काढलात, शेजारी वेळ लिहिली, १ वाजून १० मिनिटं. सकाळी बघते तर गोल तसाच आणि आत कातडी एकदम साफ, नवीन गांध उठलेली कोपराजवळ! एक गांध साधारण २४ तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे नवीन येते, ती एकाच जागी त्याहून जास्त टिकली, दुखली किंवा काळानिळा डाग ठेवून गेली तर डॉक्टरांना दाखवायचं, हे त्या रिकाम्या गोलामुळं डोक्यात पक्कं बसलं. रात्रभर मला वाटत होतं की हे वाढतच चाललंय, तो गोल बघितला आणि पहिल्यांदा जिवात जीव आला.

आणि दोन दिवसांत कुठली गोळी घेतली होती का, हे तुमच्याशिवाय कुणीच विचारलं नाही. संध्याकाळी कंबर दुखतीय म्हणून पेनकिलर घेतली होती, ती मी विसरूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरपण म्हणाले की तिचाच संशय जास्त आहे, ती बंद केली आणि सिट्रिझिन दिली रोज रात्री एक, खाज असो नसो, पाच दिवस. त्यानं झोप येते म्हणून राजारामपुरीपर्यंतसुद्धा स्कूटर चालवू नको म्हणालात, ते मी ऐकलं. चौथ्या दिवसापासून अंगावर एक गांध नाही. सहा आठवडे चालूच राहिलं असतं तर परत तपासायला लागलं असतं, ती वेळ आली नाही.

त्या पेनकिलरचं नाव तुम्ही कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिलेलं, ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवलीय, कुठल्याही डॉक्टरकडं गेले की आधी ती दाखवते. तुमचा नॅपकिन धुवून इस्त्री करून ठेवलाय, उद्या सकाळी देवीला जाऊन आले की आणून देते.