किटलीतल्या पांढऱ्या थराविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. किटलीच्या तळाशी बसलेला पांढरा थर तू चाकूच्या टोकाने खरवडून काढतोस, हे वाचून मला राहवले नाही, म्हणून इतर सर्व विषय बाजूला ठेवून आज फक्त त्याविषयीच लिहितो आहे. ते खरवडणे आधी थांबव. चाकूने पडलेल्या प्रत्येक ओरखड्यात पुढच्या वेळचा क्षार अधिक घट्ट धरतो, आणि किटलीतली कॉइल उघडी असेल तर तिच्या आवरणालाच इजा पोहोचण्याची भीती असते.

तो थर म्हणजे मळ नव्हे. जमिनीत मुरलेले पाणी वाटेतली चुनखडी विरघळवून आपल्याबरोबर आणते. तेव्हा ती कॅल्शिअम बायकार्बोनेटच्या रूपात असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे एका अर्थी खडूच, भांड्याला चिकटून बसतो. साबणाने तो निघत नाही, कारण साबण तेलकटपणा काढतो, दगड नाही. दगडाला आम्लच लागते.

माझ्या घरात या कामासाठी गेली कित्येक वर्षे लिंबूसत्त्व आहे, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, सरबतात घालतात तेच. शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1784 मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळे काढले. हल्ली मात्र ते लिंबापासून नव्हे, तर साखरेच्या द्रावणात एक काळी बुरशी वाढवून तयार करतात. व्हिनेगरनेही थर निघतो, पण त्याचा उग्र वास घरभर पसरतो. लिंबूसत्त्वाला वास नाही आणि ते कोरडे असल्यामुळे बरणीत दीर्घकाळ टिकते.

एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, साधारण 25 ते 30 ग्रॅम, पूर्ण विरघळव आणि थर बुडेल इतके किटलीत ओत. पहिल्या मिनिटातच तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागतील आणि कान जवळ नेलास तर नुकत्याच उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखी हलकी सरसर ऐकू येईल. अर्धा तास तसेच राहू दे. एक ग्रॅम थर विरघळायला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम लिंबूसत्त्व खर्ची पडते, हा हिशेब लक्षात ठेव. फसफस थांबली आणि थर मात्र शिल्लक दिसला, तर आम्ल संपले आहे असे समजून जुने पाणी टाकून दे आणि नवे घाल. एकदम दुप्पट पावडर घालण्यापेक्षा दोन फेऱ्या केव्हाही चांगल्या.

आणि ते पाणी उकळू मात्र नकोस. ही चूक मी स्वतः केली आहे. काम लवकर व्हावे म्हणून मी ते द्रावण खळखळून उकळले. जुना थर गेला, पण त्याच्या जागी तळाला पिठासारखा पांढरा साका बसला, आणि तो काढता काढता माझा सगळा दिवस गेला. तो कॅल्शिअम सायट्रेट होता. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा मात्र उलट कमी विरघळतो. तेव्हापासून मी हाताला सोसेल त्याहून गरम पाणी या कामाला वापरत नाही.

शॉवर काढता येत नसेल तर हेच द्रावण प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, शॉवरचे तोंड त्यात बुडवून पिशवी रबराने घट्ट बांध. नळाची जाळी काढून वाटीत टाकलीस तरी पुरे. अर्ध्या-पाऊण तासाने दोन्ही धुऊन घे. रात्रभर ठेवू नकोस, कारण मुलामा कुठे उडालेला असेल तर आम्ल आतल्या धातूला लागते. साठवणीच्या गीझरला स्वतः हात लावू नकोस, ते काम माहीतगाराकडून करून घे.

संगमरवराबद्दल तुला मुद्दाम बजावतो. तो आणि किटलीतला थर रासायनिकदृष्ट्या एकच, त्यामुळे आम्लाला त्यांच्यातला फरक कळत नाही. ओट्यावर पडलेला एक थेंब दोन-चार मिनिटे राहिला तरी तिथली चकाकी जाऊन निस्तेज डाग उमटतो, आणि तो पुसून जात नाही. फरशीला नव्याने पॉलिश करावे लागते. ॲल्युमिनियमची भांडी आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्याही दूर ठेव. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्लीच आणि लिंबूसत्त्व कधीही एकत्र येऊ देऊ नकोस, संडासाच्या भांड्यातसुद्धा नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.

काम झाले की किटली दोन-तीनदा खळखळून धू, एकदा साधे पाणी उकळून फेकून दे आणि मगच चहाला घे. पावडरीच्या बरणीवर ठळक नाव लिही व ती साखरेपासून लांब, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेव. चाकूच्या ओरखड्यांमध्ये पांढऱ्या रेघा उरल्या असतील तर त्या बहुधा दुसऱ्या फेरीत जातील. तशा गेल्या का, ते मला अवश्य कळव.

तुझा,
माधव